शेतातील इलेक्ट्रॉनिकी : रेझीनचे कवच घालण्यापूर्वी

सातपुड्याच्या पायथ्याजवळ वसलेले अंजनगाव सुर्जी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे परिचित आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याला मात्र हे नाव घेताच आठवतात ते पानमळे, पानपिंपळी, संत्र्याच्या बागा आणि कपाशी. यांपैकी पानवेल व पानपिंपळी ही ओल आणि सावली मागणारी पिके. ऐन मे महिन्यात त्यांचे पाणी चार दिवस चुकले, तर वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडण्याची वेळ येते. हे पाणी आज विहिरीवरील पंपावर अवलंबून आहे आणि पंप अवलंबून आहे पेटीतील तळहाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर.

वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच, एखादा फेज गेल्यास मोटार जळू न देणारे उपकरण, मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय, सौर पंपाचा नियंत्रक ही साधने आता बांधाबांधावर दिसू लागली आहेत. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत जमिनीच्या क्षेत्रानुसार ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे पंप देण्याची तरतूद करण्यात आली. अशा प्रत्येक पंपाबरोबर इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही शेतात जाऊन पोचतो.

शेतातील शत्रू

इलेक्ट्रॉनिक घटकांना शेत मानवत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात सावलीतले तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीच्या आत ते त्याहूनही पुष्कळ अधिक असते. हिवाळ्यात पहाटे तेच दहा अंशांच्या आसपास उतरते. मृगाच्या सरी सुरू झाल्या की पेटीत ओल धरते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाण्यातील क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतात. शिवाय मुंग्या आणि पाली यांना पेटी म्हणजे आयतेच घर!

यावर योजला जाणारा उपाय म्हणजे संपूर्ण सर्किट एका लहानशा डबीत ठेवून तिच्यात पातळ रेझीन, म्हणजे कृत्रिम राळ, ओतणे व ती घट्ट होऊ देणे. व्यवसायात यास ‘पॉटिंग’ असे म्हणतात. पाणी, धूळ, कीटक आणि मोटारीची थरथर या साऱ्यांपासून सर्किटचे रक्षण होते. परंतु हे कवच बाहेरच्या शत्रूंना जसे अडविते, तसेच निष्काळजीपणे घातल्यास आतील नाजूक घटकांना स्वतःच चिरडून टाकते. ही गोष्ट नव्याने या व्यवसायात शिरणाऱ्या तरुणांनी प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

कवळीपासून सर्किटपर्यंत

या कामी सर्वाधिक प्रचलित असलेल्या एपॉक्सी रेझीनचा इतिहास मनोरंजक आहे. १९३० नंतरच्या दशकात पियेर कास्टान हे स्विस रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळीसाठी योग्य असा पदार्थ शोधीत होते. त्या संशोधनातून एपॉक्सी रेझीन पुढे आले. पुढे सिबा या स्विस कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये ‘अरल्डाइट’ या नावाने ते बाजारात आणले. घरोघरी ठाऊक असलेले हेच ते नाव. मात्र दोन नळ्यांतून मिळणारा चिकट पदार्थ वस्तू जोडण्यासाठी असतो. सर्किटवर ओतण्याचे रेझीन त्याहून पातळ व वेगळ्या घडणीचे असते.

एपॉक्सीखेरीज पॉलियुरेथेन आणि सिलिकॉन हे आणखी दोन प्रकार वापरात आहेत. एपॉक्सी कठीण व पाण्याला चांगला विरोध करणारे. पॉलियुरेथेन तुलनेने लवचिक. सिलिकॉन रबरासारखे मऊ, उष्णता सोसणारे, परंतु महाग. पॉलियुरेथेन घट्ट होत असताना त्यास ओल लागली तर फेस व बुडबुडे होतात. त्यामुळे पावसाळी हवेत ते वापरताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

कवच घातक कसे ठरते?

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण उष्णता. एपॉक्सी व त्यास घट्ट करणारा हार्डनर यांचा संयोग होताना उष्णता निर्माण होते. थर पातळ असेल तर ती निघून जाते. परंतु मोठा गोळा एकदम ओतला तर आतील तापमान शंभर अंशांच्याही पुढे जाऊ शकते.

दुसरे कारण आकुंचन. घट्ट होताना रेझीन आक्रसते आणि आतील घटकांना चोहोबाजूंनी आवळते. काचेच्या अंगाचे डायोड व फ्यूज, सिरॅमिक कपॅसिटर, फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली वेटोळी यांना हा दाब सोसत नाही. काच तडकते, कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते, फेराइट न फुटताही त्याचे चुंबकीय गुण बदलतात.

तिसरे आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे असमान प्रसरण. दहा सेंटिमीटर लांबीची एपॉक्सीची पट्टी तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास सुमारे पाव मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचा सिरॅमिकचा तुकडा त्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतका वाढतो. एकमेकांना घट्ट चिकटलेल्या या दोन पदार्थांची ओढाताण रोज सकाळी व रोज रात्री चालते. कारखान्यातून उत्तम चालत निघालेले उपकरण दोन उन्हाळ्यांनंतर अचानक बंद पडते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

मऊ अस्तर

या ओढाताणीवर जुना व परिणामकारक उपाय आहे. कठीण रेझीन ओतण्यापूर्वी नाजूक घटकांवर सिलिकॉन रबराचे पातळ, मऊ अस्तर द्यावे किंवा त्यांच्यावर मऊ सिलिकॉनची नळी चढवावी. दाब आला तर अस्तर दबते आणि घटक वाचतो. यासंबंधी तीन पथ्ये पाळावीत. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. वेष्टनावर ‘न्यूट्रल क्युअर’ असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे. दुसरे, अस्तर पूर्ण सुकल्यावरच रेझीन ओतावे. तिसरे, अस्तर फक्त नाजूक घटकांपुरतेच असावे. सिलिकॉनवर एपॉक्सी चिकटत नाही, त्यामुळे सर्व पट्टीवर ते फासल्यास ओलीला वाट मिळते. शिवाय सिलिकॉन तापल्यावर एपॉक्सीहूनही अधिक फुगते. कठीण कवचात कोंडलेला त्याचा जाड थर उलट दाबच निर्माण करतो.

काही घटकांना तर रेझीनचा स्पर्शही होता कामा नये. उघड्या बांधणीचे रिले, खटके, फिरवून जुळणी करावयाचे प्रीसेट आणि बझर यांच्या आत रेझीन शिरले की त्यांची हालचाल थांबते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या माथ्यावरील खाच ही आतील वायूला सुटण्याची वाट असते. ती बुजवू नये. तापणाऱ्या ट्रान्झिस्टरची गोष्ट निराळी. साध्या रेझीनमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे हजारपट कमी वाहते. म्हणून असे घटक धातूच्या पत्र्याला जोडून उष्णता कवचाबाहेर नेण्याची व्यवस्था करावी.

ओतण्याची रीत

सर्किट प्रथम चालवून पाहावे. एकदा कवच चढल्यावर दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. डाख देताना राहिलेला फ्लक्स धुवून पट्टी मंद उष्णतेवर पूर्ण वाळवावी, अन्यथा ओल कायमची आत कोंडली जाते. रेझीन व हार्डनर अंदाजाने न घेता उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात वजन करून घ्यावेत. मिश्रण सावकाश ढवळावे आणि डबीच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतावे, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. डबी खोल असल्यास दोन-तीन थरांत काम करावे. हातमोजे घालावेत व खोली हवेशीर ठेवावी. हार्डनरमुळे त्वचेला त्रास होऊ शकतो. विक्रीपूर्वी नमुन्याची काही उपकरणे आळीपाळीने तापवून व थंड करून तपासावीत.

प्रत्येक सर्किटला असे कवच हवेच असेही नाही. पेटी चांगली बंद होत असेल व ओल मर्यादित असेल, तर पट्टीवर संरक्षक वार्निशचा पातळ थर पुरेसा होतो आणि पुढे दुरुस्तीची वाटही मोकळी राहते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

सौर पंप योजनेत पाच वर्षांच्या दुरुस्ती-हमीची तरतूद आहे. तेव्हा हमीच्या मुदतीत नियंत्रकाची पेटी स्वतः उघडू नये अथवा तिच्यात कोणतेही रसायन ओतू नये. रीतसर तक्रार नोंदवावी. बाजारातून ऑटो स्विच घेताना काळ्या रेझीनने भरलेली डबी पाहूनच समाधान मानू नये. हमी किती काळाची आहे हे विचारावे. पेटीवर लहानसे छप्पर केले, तिची उन्हाची बाजू टाळली आणि तारा शिरण्याची भोके बुजविली, तर निम्मे काम होते.

अशी उपकरणे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम तालुक्याच्या गावीही करता येण्यासारखे आहे. औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांनी घटकाचा स्वभाव ओळखून मग कवच घालण्याची शिस्त बाळगली, तर मे महिन्याच्या दुपारी पानमळ्याला पाणी देण्याच्या वेळी पंप बंद पडण्याचा प्रसंग पुष्कळ अंशी टळू शकेल.