कांद्याला झणका कुठून येतो

अख्खा कांदा नाकाशी धरला तर वाळलेल्या पत्तीचा आणि थोडा मातीचा वास येतो, त्यापलीकडे काही नाही. डोळ्यांतून पाणी काढणारा झणका कांद्यात भरून ठेवलेला नसतो, तो विळी फिरल्यावर तयार होतो. कांद्याच्या पेशीत दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवलेल्या असतात. पेशीरसात गंधक असलेली, स्वतःला वास नसलेली संयुगं असतात. पेशीच्या मधल्या पाणीदार पोकळीत, म्हणजे रिक्तिकेत, अ‍ॅलिनेज नावाचं विकर असतं. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ती संयुगं मोडू लागतात. त्यातून बनणाऱ्या आम्लावर आणखी एक विकर काम करतं आणि उडून जाणारं, डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळून झोंबणारं द्रव्य तयार होतं. हे दुसरं विकर जपानच्या हाउस फूड्स या कंपनीच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. तोवर हे झोंबणारं द्रव्य आपोआप बनतं असंच मानलं जायचं. लसणातही हीच यंत्रणा आहे, पण तिथलं मुख्य संयुग जरा वेगळ्या घडणीचं असतं. म्हणून लसूण हाताला आणि तोंडाला वास लावतो, डोळ्यांत पाणी मात्र आणत नाही.

कापण्याआधीच कांदा भाजला तर काय होतं, हे वाटण करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. निखाऱ्यावर किंवा गॅसवर सालीसकट भाजलेला कांदा गोड लागतो. उष्णतेने विकर आधी निकामी होतं आणि पेशी नंतर फुटतात, त्यामुळे कच्चा माल तसाच पडून राहतो. झणका घडत असताना पायरुव्हिक आम्लही सुटतं. किती संयुगं मोडली याचा तो नेमका हिशोब असल्यामुळे १९६१ पासून कांद्याचा तिखटपणा या आम्लावरून मोजण्याची पद्धत रूढ झाली. दर ग्रॅम कांद्यामागे हे आम्ल साधारण ५ मायक्रोमोलच्या खाली असेल तर कांदा सौम्य समजतात. उग्र कांद्यात ते १० किंवा त्याहूनही वर जातं.

हा कच्चा माल कांद्याला जमिनीतून मिळतो. मुळं सल्फेटच्या रूपात गंधक शोषतात, पातीत त्याची संयुगं बनतात आणि कांदा पोसायला लागला की ती खाली गड्ड्यात उतरतात. म्हणजे एकाच वाणाचं रोप दोन वावरांत लावलं आणि एका वावरात गंधक भरपूर, दुसऱ्यात कमी असेल, तर एका घरातले दोन भाऊ ओळखू येऊ नयेत इतकी त्यांची चव वेगळी होऊ शकते. गंधक कुठल्या पोत्यातून आलं हेही बघावं लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक असतं, अमोनियम सल्फेटमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त, आणि अठरा-सेहेचाळीस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डीएपीत जवळजवळ नाहीच. शेतकरी खत बदलतो तेव्हा तो स्फुरदाचा आणि पैशांचा विचार करत असतो, पण त्याच वेळी कांद्याची चवही बदलत असते. ही गोष्ट त्याला कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

चवीचा धागा जमिनीपर्यंत जातो हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. १९३१ मध्ये टूम्ब्स काउंटीतल्या मोझ कोलमन नावाच्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की आपल्या रानातला कांदा तिखट नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं, पण नंतर मंदीच्या त्या काळातही ५० पौंडांच्या गोणीला साडेतीन डॉलर मिळू लागले. ते पाहून शेजारचे शेतकरीही त्या पिकाकडे वळले. पुढे हा कांदा तिथल्या व्हिडेलिया गावाच्या नावाने देशभर विकला गेला. १९८६ मध्ये जॉर्जियाने कायदा करून ते नाव ठरावीक भागातल्या ठरावीक प्रकारच्या कांद्यापुरतं राखून ठेवलं. त्या भागातली जमीन रेताड आहे. रेती सल्फेट धरून ठेवत नाही, पाऊस पडला की ते मुळांच्या खाली निघून जातं. त्यात हिवाळा सौम्य, पाणी बेताचं पण सतत. हाच वाण गंधक धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत, तापत्या हवेत लावला तर तो तितका सौम्य राहत नाही.

यातली खरी कारागिरी मात्र वेगळी आहे. गंधक अजिबात दिलं नाही तर कांदा वाढतच नाही, पात पिवळी पडते. त्यामुळे तिथले शेतकरी रोप लहान असताना गंधक देतात आणि जानेवारी संपायच्या आत थांबवतात. गड्डा पोसायला लागेपर्यंत जमिनीतलं उरलंसुरलं सल्फेट धुपून गेलेलं असतं. चव घडते ती किती दिलं यावर आणि तितकीच कधी थांबवलं यावर.

अलिबागचा पांढरा कांदा याच विचाराच्या उजेडात पाहावा असं मला वाटतं. कार्ले, खंडाळे या गावांच्या आसपास भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांत तो लावतात, वाळवून त्याच्या माळा विणतात आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला त्या टांगलेल्या दिसतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. या पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि इतक्या पाण्यात सल्फेटसारखं विरघळणारं द्रव्य जमिनीत टिकणं अवघड. समुद्राजवळच्या हवेमुळे दिवस-रात्रीच्या तापमानाचे हेलकावेही घाटावरच्यापेक्षा कमी. हा कांदा जिभेला सौम्य लागतो यात या दोन्हींचा वाटा असावा, असं मी रसायनशास्त्राच्या आधाराने म्हणतो.

पांढरा म्हणजे गोड आणि लाल म्हणजे तिखट, हा समज मात्र सोडायला हवा. सालीचा रंग वेगळ्याच द्रव्यांमुळे येतो, झणक्याशी त्याचा संबंध नाही. कांद्याची पावडर आणि काप करणाऱ्या कारखान्यांना पांढराच कांदा लागतो, आणि तो चांगलाच उग्र, कमी पाण्याचा असावा लागतो.

गंधकाच्या खालोखाल महत्त्व पाण्याचं आणि उन्हाचं. रोपाला पाण्याचा ताण बसला की गड्डा लहान राहतो, पेशींत पाणी कमी आणि बाकी सगळं दाट होतं. उष्ण हवेत गंधकाची संयुगंही जास्त साठतात. नाशिक-पुण्याकडचे तीन हंगाम म्हणूनच तीन वेगळ्या प्रकृतीचे असतात. खरिपाचा पोळ कांदा पावसात वाढतो, ऑक्टोबरनंतर बाजारात येतो. तो पाणीदार असतो आणि फार दिवस टिकत नाही. त्यानंतर रांगडा. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मात्र थंडीत पात वाढवतो आणि मार्च-एप्रिलच्या चढत्या उन्हात पोसतो. निम्म्या माना पडल्या की तो काढायचा, आणि काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं, हा रिवाज साठवणीसाठी आहे. त्यातून कांद्याचं अंग सुकतं, मान आवळते आणि तो चाळीत महिनोन्‌महिने राहतो. चव दाट होणं ही त्याच रिवाजाची दुसरी बाजू आहे. एकाच कांद्यातही सगळीकडे सारखा तिखटपणा नसतो. बाहेरच्या पाकळ्या सौम्य आणि आतल्या उग्र, तसंच शेंड्याकडचा भाग सौम्य आणि मुळाकडचा उग्र. म्हणून मुळाकडचा भाग शेवटी चिरावा, असं सांगणाऱ्या आजीबाईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण स्वयंपाकात तिचा थेट उपयोग आहे. गोड म्हणवणाऱ्या कांद्यात साखर जास्त नसते. पुष्कळदा उग्र उन्हाळ कांद्यातच साखर आणि इतर घन पदार्थ जास्त असतात, पण झणक्याखाली ती गोडी झाकली जाते. सौम्य कांदा गोड लागतो तो तिखटपणा कमी म्हणून. परतताना झणका उडून जातो आणि साखर उरते. त्यामुळे रस्सा, पिठलं, भाजलेल्या वाटणासाठी उग्र, कोरडा कांदाच चांगला. पाणीदार कांदा कढईत पाणी सोडत बसतो आणि त्याला रंग यायला वेळ लागतो. कोशिंबिरीला आणि भाकरीबरोबर कच्चा खायला सौम्य कांदा घ्यावा. एकाच पोत्यातला कांदा दोन्हीकडे वापरण्याची आपली सवय सोयीची आहे, पण त्यात चव हातची जाते.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा आणि मोहरी हे वेगळं कुळ, पण युक्ती तीच. त्यांच्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगं एका जागी आणि मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या जागी असतं. मोहरी हे त्याचं घरातलं उत्तम उदाहरण. कोरडी मोहरी हातात घेतली तर नाकाला काही कळत नाही. पाणी घालून फेसली की ती डोक्यात चढते, कारण आता विकर आणि कच्चा माल एकत्र आले आहेत. तीच मोहरी तापल्या तेलात तडतडली की विकर मरतं आणि झणक्याऐवजी खमंगपणा येतो. कोबीत याखेरीज कांद्यातल्या संयुगांचा एक सख्खा भाऊही असतो. कोबी फार वेळ शिजवला की जो गंधकाचा कुबट वास येतो त्याचं एक कारण तेच. झाकण ठेवून तासभर शिजवलेल्या कोबीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तो मोठ्या आचेवर झटपट परतून पाहावा.

ही संयुगं झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं. म्हणून कीड, ऊन, पाण्याचा ताण वाढला की बहुधा त्यांचं प्रमाणही वाढतं. गंधकाचं खत वाढवलं की वाढतं. नत्र भरपूर आणि गंधक कमी पडलं तर घटतं. बचाव नेहमी साधतोच असं नाही. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीकडे ग्लुकोसिनोलेट निकामी करणारं स्वतःचं विकर आहे, आणि मादी अंडी घालायला झाड शोधते तीही याच द्रव्यांच्या खुणेवर. झाडाचं हत्यार शत्रूच्या वाटाड्याचं काम करतं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

मुळ्यात हवामानाचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो. थंडीत, भरपूर पाण्यावर वेगाने वाढलेला मुळा रसाळ आणि सौम्य असतो. तोच एप्रिलमध्ये, पाण्याच्या पाळ्या चुकल्या तर तिखटजाळ होतो आणि काढायला उशीर झाला तर आतून पोकळ, जून. कोबीला गड्डा धरताना १५ ते २० अंश सेल्सिअसची हवा मानवते. त्यापेक्षा बरीच थंड रात्र आली तरी त्याला वावडं नाही, उलट थंडी सोसण्यासाठी तो पेशींत साखर साठवतो. निफाडला पारा राज्यात सगळ्यात खाली जातो तेव्हा द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात, पण त्याच थंडीत कोबीची गोडी वाढत असते. जानेवारीतला कोबी कच्चा खाताना कडवटपणा जाणवत नाही याचं कारण हे आहे. फ्लॉवरची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या गड्ड्यावर ऊन पडलं की तो पिवळट होतो आणि चव रांगडी होते, म्हणून गड्डा दिसायला लागला की त्याचीच पानं त्यावर दुमडून झाकायची पद्धत आहे. आजचे काही वाण स्वतःच पानं मिटून घेतात, तरी तीव्र उन्हात झाकण घालावं लागतंच.

एवढं करूनही चवीवर सगळ्यांचं एकमत होणार नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एका रसायनाची पूड उडाली. सहकाऱ्याला तिची चव कडू लागली, फॉक्सला काहीच लागली नाही. ही जाणीव आनुवंशिक असते आणि त्यामागच्या जनुकातला फरक कोबीच्या कुळातल्या कडवटपणालाही लागू पडतो. घरातलं एखादं मूल फ्लॉवर कडू आहे म्हणत असेल तर ते हट्ट करतंय असं लगेच ठरवू नये.

आता बाजाराकडे. लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतो, दाबतो, आकार, रंग, पत्ती, सुकवा बघतो. उन्हाळ, गोल्टी, खाद असे भाव पडतात. चवीचा भाव पडत नाही, कारण ती कुणी मोजत नाही. ट्रॉली ट्रॉलीगणिक चव बदलते, आणि मुंबईत पोचेपर्यंत सगळं एकाच ढिगात जातं. पायरुव्हिक आम्लाची चाचणी साध्या प्रयोगशाळेत होणारी आहे, त्यासाठी अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. शेतकऱ्यांच्या एखाद्या गटाने माती तपासून गंधक ठरवलं, पोसण्याच्या आधी ते थांबवलं, पाळ्या नेमाने दिल्या आणि ‘कच्चा खाण्याचा’ म्हणून नमुना तपासून वेगळ्या गोणीत माल विकला, तर गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देईल, असं जॉर्जियातल्या त्या रेताड रानाकडे पाहून मला वाटतं. उग्र कांदा पिकवणाऱ्याने त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. त्याचा कांदा टिकाऊ असतो, कढईत जास्त गोड होतो, आणि पावडरीच्या कारखान्याला तोच हवा असतो. पण कुठला कांदा कशासाठी, हे गोणीवर लिहिलेलं असलं पाहिजे.