दुभंगलेला कळफलक आणि आपले मनगट

खुरप्याला मूठ बसविताना सुतार ते धरणाऱ्याच्या पंजाचा विचार करतो. टंकलेखनाच्या कळफलकाची गोष्ट मात्र उलटी आहे. तेथे यंत्राची सोय आधी पाहिली गेली आणि हाताने तिच्याशी जुळवून घ्यावे, असे ठरले.

अमेरिकेतील ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांना टंकलेखन यंत्राचे पेटंट १८६८ मध्ये मिळाले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने त्यांचे यंत्र बाजारात आणले. प्रत्येक कळेखाली एक दांडी असे. या दांड्यांना वाट मिळावी म्हणून एका ओळीतील कळा दुसरीच्या मानाने किंचित सरकवून बसविल्या गेल्या. संगणकाच्या कळफलकाखाली आज एकही दांडी नाही. तरीही ती तिरकी मांडणी मात्र बहुतेक ठिकाणी टिकून आहे.

श्रोतेहो, सरळ कळफलकावर दोन्ही हात ठेवून पाहा. कोपरे दूर असतात, पण बोटांना मध्यभागी एकत्र यावे लागते. त्यामुळे मनगटे करंगळीच्या बाजूस वळतात. तळहात पुरते पालथे होतात. कळफलकाचे मागचे पाय उभे केले, तर मनगट वरच्या बाजूसही मुडपते. याच मनगटातील एका अरुंद बोगद्यातून बोटे वाकविणाऱ्या कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. घटकाभराच्या कामाला हे वळण बाधत नाही. परंतु ज्याचे पोट टंकलेखनावर आहे, त्याचे हात वर्षानुवर्षे याच स्थितीत राहतात.

कळफलकाचे दोन भाग करून ते हातांच्या दिशेने तिरपे मांडावेत, ही सूचना जर्मनीतील क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच केली होती. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ कळफलक आला आणि ती कल्पना सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली.

अशा कळफलकाची पहिली भेट मात्र फारशी सुखाची नसते. इंग्रजी ‘बी’ ही कळ डाव्या हाताच्या वाट्याची आहे. ती उजव्या बोटाने दाबण्याची सवय ज्याला असेल, त्याचे बोट मधल्या रिकाम्या जागेत पडते. वेग मंदावतो, चुका वाढतात आणि जुना कळफलकच बरा होता, असे वाटू लागते. दहा बोटांनी रीतसर शिकलेल्याची ही अडचण लवकर सरते. दोन बोटांनी अक्षरे शोधत लिहिणाऱ्याला मात्र या मांडणीचा लाभ थोडाच.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी येथे एक आनंदाची गोष्ट आहे. ‘इनस्क्रिप्ट’ या भारतीय मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर म, न, व यांसारखी काही अक्षरे सोडल्यास बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘काका’ लिहिताना उजवा हात ‘क’ देतो, डावा काना देतो. दोघे आळीपाळीने चालतात. कळफलक दुभंगला, तरी ही विभागणी बिघडत नाही. शिवाय कन्नड, गुजराती आणि तेलुगू यांचा ‘क’ही त्याच कळेवर आहे. म्हणून बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी माणसाने एकदा कमावलेले हाताचे वळण त्याला शेजारच्या भाषेतही उपयोगी पडते.

तथापि या साधनाकडून औषधाची अपेक्षा धरू नये. त्याने मनगट अधिक सरळ राहते, एवढे खात्रीने म्हणता येते. दुखणे बरे होईलच, असे नाही. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, तर वैद्याकडेच जावे. मेजाची उंची कोपराच्या बेताची असावी आणि कामात अधूनमधून विसावा घ्यावा, हे तर कोणत्याही कळफलकाला लागू आहे.

नवा कळफलक दुकानात पाच मिनिटे हाताळून त्याची पारख होत नाही. काही आठवडे त्यावर काम करावे. पहिल्या दिवशी किती शब्द उमटले, हे मोजत बसण्यापेक्षा दिवसभराच्या कामानंतर मनगट काय म्हणते, ते ऐकावे.