खालिद जमील
खालिद जमील (जन्म: २१ एप्रिल १९७७, कुवैत) हे माजी भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. मुंबईच्या महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफसी या संघांकडून ते मध्यरक्षक म्हणून खेळले. भारताचेही त्यांनी प्रतिनिधित्व केले. दुखापतींमुळे खेळ लवकर सुटला. २००९ पासून सात वर्षे ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. हाताशी फारसे नामवंत खेळाडू नसतानाही त्यांनी संघाला खालच्या श्रेणीत घसरू दिले नाही.

त्यांची खरी ओळख मात्र मिझोरमच्या आयझॉल एफसीमुळे झाली. आय-लीगमधून घसरलेला हा संघ गोव्यातील संघांनी माघार घेतल्यामुळेच २०१६-१७ च्या हंगामात परतला होता. २२ एप्रिल २०१७ रोजी त्याने मोहन बागानला १-० असे नमवले. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी साधून आयझॉल विजेता ठरला: ३७ गुण, बागानपेक्षा केवळ एक अधिक. ईशान्य भारतातील संघाचे हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद होय.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सावियो मदेरा यांच्यानंतर, म्हणजे सुमारे तेरा वर्षांनी, हे पद भारतीयाकडे आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता हुकली.