वेबकॅमसमोरची मुलगी कोणी लिहिली?

सुरुवातीच्या काळात यूट्यूब प्रत्येक व्हिडिओचं थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र, आपोआप त्याच्या ऐन मध्यावरून उचलत असे. ज्यांना ही युक्ती उमगली, ते नेमका तिथेच एखाद्या देखण्या मुलीचा क्षण पेरत. आत काहीही असो, बोट त्या चित्राकडे वळे.

२००६ मध्ये ब्री नावाची सोळा वर्षांची मुलगी यूट्यूबवर गाजली. खात्याचं नाव ‘लोनलीगर्ल१५’. खोलीत बसून, वेबकॅमकडे बघत ती मनातलं बोलायची आणि असंख्य लोकांना ती खरीच वाटली. सप्टेंबरमध्ये उलगडा झाला: ती जेसिका रोझ ही अभिनेत्री होती, आणि ब्री रचली होती मेश फ्लिंडर्स आणि माइल्स बेकेट या दोन पुरुषांनी. खोलीसुद्धा फ्लिंडर्सची! जेसिकाचा अभिनय अस्सलच होता, त्याशिवाय इतके लोक फसले नसते. पण त्या मुलीने काय बोलायचं, हे ठरत होतं दुसरीकडे.

मला थक्क करते ती पुढच्याच वर्षीची गोष्ट. जुलै २००७ मध्ये ‘द गिल्ड’ ही मालिका यूट्यूबवर सुरू झाली. तिचे भागही वेबकॅमसमोर बोलणाऱ्या एका मुलीपासूनच सुरू होतात. ही कोडेक्स: ऑनलाइन खेळात बुडालेली, अवघडलेली, विस्कटलेली. तिची भूमिका करणाऱ्या फेलिशिया डेनेच मालिका लिहिली होती. ती स्वतः ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या पार आहारी गेली होती, त्यातूनच हे लेखन आलं. संहिता मुळात टीव्हीसाठीची. ती तिथे जमेना, तेव्हा निर्माती किम एव्हीसोबत तिने पदरचे पैसे घालून पहिले भाग काढले. पैसे संपल्यावर प्रेक्षकांनीच पेपालवरून देणग्या धाडल्या. दुसऱ्या सीझनसाठी मायक्रोसॉफ्ट पुढे आलं, तरी मालिकेचे हक्क तिने सोडले नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीपुढे एका नवख्या लेखिकेने हे साधावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आणि सौंदर्य? ते तिने टाळलं असेल असं वाटतं ना? २००९ मध्ये ‘डू यू वॉना डेट माय अवतार’ हे गाणं आलं. शब्द फेलिशियाचे, चाल जेड व्हीडनची. पडद्यावर खेळातल्या पात्रांचे झगमगीत, मादक पोशाख, त्यात कोडेक्स ठेक्यावर नाचते आणि डेटचं आमंत्रण देते. पण ते आमंत्रण आहे खेळातल्या तिच्या रूपाशी डेटवर जाण्याचं. पडद्यामागची ती स्वतः त्यात कुठेच मिळणार नाही. ज्या नजरेसाठी इतरांनी थंबनेलं पेरली, तिच्यावरच या बाईने गाणं रचलं, त्यात स्वतः मनसोक्त नटली, आणि ते गाणं आयट्यून्सच्या म्युझिक व्हिडिओंच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.