बंद पाठीच्या हेडफोनची निवड
(घरगुती ध्वनिमुद्रण : लेखांक सातवा)

मागील लेखांकात मायक्रोफोनचा विचार झाला. मायक्रोफोनने टिपलेला आवाज गाणाऱ्याच्या आणि मुद्रण करणाऱ्याच्या कानापर्यंत पोचविण्याचे काम हेडफोनचे, आणि या लेखांकाचा विषय तोच आहे. उघड्या पाठीचा हेडफोन घ्यावा की बंद पाठीचा, हा प्रश्न मुद्रणाच्या कामापुरता निकालात निघालेला आहे. गायक कानात तंबोऱ्याचा सूर किंवा तालाची टिकटिक ऐकत गातो. हेडफोनची पाठ उघडी असेल, तर तोच सूर बाहेर झिरपून वीतभर अंतरावरच्या मायक्रोफोनात शिरतो, आणि पुढे एखादी चुकलेली ओळ काढून त्या जागी नवी बसवू म्हटले, तर जुन्या टिकटिकीचा माग तेथे राहून जातो व कितीही पुसला तरी जात नाही. सबब पाठ बंदच हवी. खरी अडचण यापुढची आहे. कारण बंद पाठीची चार-पाच नामांकित मॉडेल्स किमतीने, रूपाने आणि कीर्तीने एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की, त्यांपैकी कोणते घ्यावे याचा उलगडा केवळ जाहिरातीवरून होणे अशक्य आहे.

सुरतेतील मराठी वाचकांच्या दृष्टीने या विवेचनाला विशेष प्रयोजन आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून तापीकाठच्या लोहमार्गाने सुरतेस येऊन उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील तरुण आता अहिराणी गीते, भजने, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हाची गाणी राहत्या खोलीतच मुद्रित करू लागले आहेत. अशा खोलीला ध्वनिरोधक भिंती नसतात, मोठे स्पीकर लावण्याइतकी जागा नसते, आणि दोन गल्ल्या पलीकडे यंत्रमाग चालू असतात. त्यामुळे गाणे टिपण्यापासून ते सिद्ध करण्यापर्यंतचा सगळा कारभार एकाच हेडफोनवर चालतो. मोठ्या स्टुडिओत जे दुय्यम साधन, ते येथे मुख्य साधन होऊन बसते.

दुकानात दोन हेडफोन आळीपाळीने कानाला लावून जो निर्णय घेतला जातो, तो बहुधा हेडफोनच्या गुणाचा नसून आवाजाच्या पातळीचा असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सोनीच्या एमडीआर-७५०६ चा अवरोध ६३ ओहम असून एका मिलिवॅट शक्तीवर तो १०६ डेसिबल आवाज देतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सचे हेच आकडे ३८ ओहम व ९९ डेसिबल आहेत. आणि बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो या मॉडेलच्या २५० ओहमच्या आवृत्तीचा आकडा ९६ डेसिबल आहे. परंतु आपले उपकरण शक्ती मोजून देत नाही, ते विद्युद्दाब देते. तेव्हा तिन्ही हेडफोनांना सारखाच एक व्होल्ट मिळाला असे धरून हिशेब केला, तर आवाज अनुक्रमे सुमारे ११८, ११३ आणि १०२ डेसिबल भरतो. पहिल्या आणि तिसऱ्या हेडफोनमधला हा १६ डेसिबलचा फरक मानवी कानाला जवळजवळ तिपटीचा वाटतो. अधिक मोठा आवाज अधिक भरदार व स्पष्ट भासतो, हा कानाचा स्वभावच आहे. त्यामुळे आवाजाच्या बटणाला हात न लावता हेडफोन बदलणारा ग्राहक सोनीला उत्तम आणि बायरला मंद ठरवून मोकळा होतो, आणि त्या निर्णयात दोघांनाही न्याय मिळालेला नसतो. महिधरपुऱ्याच्या हिराबाजारात दोन खड्यांची तुलना करणारा पारखी ते दोन्ही एकाच उजेडात धरतो. हेडफोनच्या परीक्षेत त्या उजेडाची जागा आवाजाच्या पातळीने घ्यावी. एखाद्या माणसाचे साधे बोलणे लावून, प्रत्येक हेडफोनवर ते सारख्याच मोठेपणाने ऐकू येईपर्यंत आवाजाचे बटण फिरवून घ्यावे आणि मगच गुणदोष पाहावेत.

याच आकड्यांतून दुसरा बोध निघतो. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन आवृत्त्यांत विकला जातो, आणि मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा असे समजून पुष्कळ लोक शेवटची आवृत्ती घेऊन येतात. वस्तुतः हा आकडा दर्जाचा नाही, जोडणीचा आहे. फोनला किंवा लहानशा ऑडिओ इंटरफेसला जोडल्यास २५० ओहमचा हेडफोन पुरेसा आवाज देईलच अशी खात्री नसते; घरगुती मुद्रणाला ८० ओहमची आवृत्ती सोयीची, कारण तिला इंटरफेस पुरतो, आणि तिची तीन मीटरची सरळ वायर मायक्रोफोनपासून संगणकापर्यंत पोचते.

आता स्वभावांकडे वळू. सोनीचा ७५०६ हा १९९१ पासून बाजारात असून त्याची घडण आजवर फारशी बदललेली नाही. वरच्या पट्टीतील ध्वनी तो ठळकपणे पुढे आणतो. श्वास, ओठांचा चटका, ‘स’ आणि ‘श’ यांचा सीत्कार त्याच्यापासून लपत नाही. मराठीत आणि अहिराणीत याला मोल आहे, कारण ‘चार’ मधला तालव्य च आणि ‘चाक’ मधला दंततालव्य च यांतील भेद याच वरच्या पट्टीत वसतो, आणि तो मुद्रणात पुसट झाला तर बोलीचा बाज जातो. मात्र तासन्‌तास ऐकण्यास तो थोडा तीक्ष्ण वाटतो. एम५०एक्स खर्ज आणि वरची पट्टी दोन्ही किंचित उचलून धरतो, म्हणून तो ऐकताक्षणी आवडतो. त्याच घराण्यातला एम४०एक्स मधल्या पट्टीत अधिक समतोल आहे, आणि गळा व हार्मोनियम यांचा मुख्य ऐवज त्याच पट्टीत असल्यामुळे, केवळ गाणे आणि साथ मुद्रित करणाऱ्याने अधिक पैसे मोजून वरचे मॉडेल घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. डीटी ७७० चा खर्ज भरघोस आहे. ढोलक किंवा संबळ ऐकताना तो सुखावतो, परंतु त्यावर विसंबून मिश्रण करणारा खर्ज थोडा कमीच ठेवून बसतो, आणि तेच गाणे दुसरीकडे पोकळ वाजते.

हे सारे स्वभाव हेडफोन कानावर नीट बसला असेल तरच प्रकट होतात. गादी आणि कान यांच्यामध्ये करंगळी सरकवून पाहावी; खर्ज तत्क्षणी नाहीसा होतो. चष्म्याची दांडी हेच काम कमी प्रमाणात सतत करीत असते. म्हणून चष्मा वापरणाऱ्याने परीक्षा चष्म्यासकट करावी. डीटी ७७० च्या ८० व २५० ओहमच्या आवृत्त्यांना मखमली गादी असते. सुरतेच्या दमट हवेत ती घाम सुसह्य करते आणि चष्म्याच्या दांडीभोवती मऊपणे बसते. उलट कृत्रिम चामड्याची गादी बाहेरचा आवाज अधिक अडवते, पण घामाने हळूहळू तिचे पापुद्रे सुटू लागतात आणि काळे कण गालाला चिकटतात. सोनीच्या गादीचा हा अनुभव सर्वश्रुत आहे. मखमलीवर मात्र मागांच्या भागात उडणारा धाग्याचा तूस बसतो. तो आठवड्यातून एकदा ब्रशने झाडावा. गादी कोणतीही असो, ती झिजणारच. तेव्हा तिचा सुटा जोड मिळतो की नाही, याची चौकशी हेडफोन घेण्यापूर्वी करावी. वायरीचेही तसेच आहे. एम४०एक्स आणि एम५०एक्स यांची वायर काढून बदलता येते. ७५०६ ची वेटोळ्यांची वायर आणि नेहमीच्या डीटी ७७० प्रोची वायर आतून पक्की जोडलेली असते, आणि ती तुटल्यास सोल्डरिंग करणारा कारागीर गाठावा लागतो.

शेवटचा मुद्दा कानांच्या आरोग्याचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बंद पाठ वरच्या पट्टीतील खडखडाट चांगला अडवते, परंतु मागांची खोल घरघर तिच्यातून आत येतेच. ती झाकण्यासाठी आवाज वाढविण्याचा मोह होतो, आणि येथेच धोका आहे. अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ऐकणे ही कमाल सीमा असून, पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलवर केवळ एक तास उरतो. ज्यांची पाळी मागावर भरते, त्यांचे कान तर तेथेच थकलेले असतात; अशा कानाला काही तास वरच्या पट्टीचे ध्वनी मंद ऐकू येतात, आणि त्या अवस्थेत तीक्ष्ण हेडफोन उगीचच चांगला वाटतो, गाण्यातील वरची पट्टीही नकळत प्रमाणाबाहेर वाढविली जाते. म्हणून हेडफोनची परीक्षा आणि गाण्याचे अखेरचे मिश्रण, दोन्ही रात्रीच्या विश्रांतीनंतर सकाळी करावीत.

एवढा विचार केल्यावर निवड अवघड राहत नाही. एकच हेडफोन घ्यायचा आणि त्यावर गाणे टिपणे व मिश्रण दोन्ही करायचे असेल, तर एम४०एक्स घ्यावा. उच्चाराची शुद्धता हे ज्यांच्या कामाचे मुख्य अंग आहे, म्हणजे निवेदन, कथाकथन किंवा संवाद, त्यांनी ७५०६ घ्यावा. चष्मा वापरणाऱ्यांनी आणि दीर्घकाळ बैठक मारणाऱ्यांनी ८० ओहमचा डीटी ७७० प्रो घ्यावा. यांपैकी काहीही घेतले तरी ते अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीसह घ्यावे, कारण या तिन्ही नावांची हुबेहूब नक्कल बाजारात सापडते. आणि एकदा घेतल्यावर तो वर्षभर बदलू नये. आपल्या ओळखीची, उत्तम मुद्रित झालेली गाणी त्यावर रोज ऐकून त्याचा कल कानाला पाठ करून घ्यावा, कारण हेडफोनचा दोष ज्याला ठाऊक आहे त्याच्या गाण्यात तो दोष उतरत नाही. पुढील लेखांकात खोलीतील घुमारा आणि तो आवरण्याचे घरगुती उपाय यांचा विचार करू. तोपर्यंत वाचकांनी आपल्याजवळ असेल त्या हेडफोनवर करंगळीची परीक्षा अवश्य करून पाहावी.