भत्ता, वेठ आणि संमती

‘फुकट खाणारे’ हा शब्द कोण कुणाविषयी वापरतो हे पाहिले की त्या समाजाची उतरंड कळते. वारसाने मिळालेल्या इस्टेटीच्या व्याजावर जगणाऱ्याला हा शब्द कुणी लावीत नाही. राखीव जागेवर शिकणाऱ्या पोराला, शिष्यवृत्तीसाठी कचेरीच्या खेपा घालणाऱ्या मुलीला, रेशनच्या रांगेतल्या बाईला तो लावला जातो. ब्रिटनमध्ये तो बेकारांना लावला जातो. आणि या शब्दाच्या जोरावर तिथल्या सरकारने २०११ ते २०१६ या वर्षांत बेकारभत्ता घेणाऱ्या माणसांना दुकानांत, गोदामांत आणि धर्मादाय संस्थांत विनावेतन राबवले. काम नाकारले तर भत्ता बंद. या पद्धतीला ‘वर्कफेअर’ म्हणतात. ‘वेल्फेअर’ म्हणजे कल्याण; त्यातले ‘वेल’ काढून तिथे ‘वर्क’ बसवले की हा शब्द तयार होतो.

प्रकरण ब्रिटनचे आहे. तरी त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपल्या घरातला आहे : वेठ कशाला म्हणावे? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे एक उत्तर दिले, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी तीस वर्षे दुसरे दिले होते. ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

भत्ता कुठून आला?

ब्रिटनमधील बेकारभत्ता हे कुणाचे औदार्य नव्हे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही ठरावीक धंद्यांतील कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला. त्यात कामगाराची वर्गणी होती, मालकाची होती आणि सरकारची होती. १९४२ साली बेव्हरिजचा अहवाल आला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना सर्व कामगारांपर्यंत पोचली. माणूस कमावता असताना वर्गणी भरतो, काम सुटले की त्याला हक्काने पैसे मिळतात. ज्याची वर्गणी पुरेशी नाही त्यालाही गरज पाहून सार्वजनिक तिजोरीतून मदत मिळावी, असे ठरले.

त्यापूर्वीची परंपरा मात्र वेगळी होती. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर ‘वर्कहाऊस’मध्ये जावे असा दंडक घातला. तिथे नवरा, बायको, मुले यांना वेगवेगळे ठेवीत. जुने दोरखंड उसवणे, दगड फोडणे, हाडे कुटणे ही कामे देत. त्यामागचे तत्त्व उघड सांगितलेले होते : मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कुणी मदत मागायला धजणार नाही. १८४५ साली अँडोव्हर येथील वर्कहाऊसमधले भुकेले लोक कुटायला दिलेल्या हाडांना चिकटलेले सडके मांस खातात हे उघडकीस आले, तेव्हा इंग्लंडभर खळबळ माजली. तरीही हा कायदा कागदोपत्री पूर्णपणे संपायला १९४८ साल उजाडावे लागले.

कायदा संपला, त्यामागची वृत्ती संपली नाही. १९९६ साली बेकारभत्त्याचे नाव बदलून ‘जॉबसीकर्स अलाउन्स’, म्हणजे ‘काम शोधणाऱ्याचा भत्ता’, असे ठेवण्यात आले. आता नुसते बेकार असणे पुरेसे नव्हते. आपण काम शोधत आहोत हे दर पंधरवड्याला सरकारी कचेरीत जाऊन सिद्ध करणे आले. नाव बदलले आणि संशयाचे ओझे बेकाराच्या डोक्यावर आले.

यंत्र कसे चालत होते?

२०१० साली हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांचे संयुक्त सरकार आले. २०११ मध्ये त्याने एकामागून एक योजना काढल्या. त्यांपैकी ‘मँडेटरी वर्क अ‍ॅक्टिव्हिटी’ या योजनेत बेकाराला चार आठवडे, आठवड्याला ३० तासांपर्यंत विनावेतन काम करावे लागे. दुसरी ‘कम्युनिटी अ‍ॅक्शन प्रोग्रॅम’ ही होती. तिच्यात दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी हाच काळ सहा महिन्यांचा होता. योजनांची कामे सरकारने खासगी ठेकेदार कंपन्यांना दिली. म्हणजे बेकाराला कामाला लावणारा ठेकेदार, काम घेणारी तिसरीच संस्था आणि भत्ता तोडणारे सरकार. तक्रार कुणाकडे करायची?

आता हिशेब मांडू. २०११-१२ साली पंचविशीच्या पुढील एकट्या माणसाला आठवड्याला ६७.५० पौंड भत्ता होता, पंचविशीच्या आतल्याला ५३.४५ पौंड. ऑक्टोबर २०११ पासून प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला ६.०८ पौंड होते. ३० तासांचे १८२.४० पौंड होतात. म्हणजे ज्या कामाला बाजारात कायद्याने १८२ पौंड द्यावे लागले असते ते ६७ किंवा ५३ पौंडांत झाले. आणि तेही काम घेणाऱ्याच्या खिशातून गेले नाहीत. ते सार्वजनिक तिजोरीतून गेले. फुकट कोण खात होते, हे वाचकांनीच ठरवावे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये टेस्को या मोठ्या दुकानसाखळीची एक जाहिरात सरकारी रोजगार-कचेरीच्या यादीत आली. काम रात्रपाळीचे आणि कायमचे, पगाराच्या रकान्यात ‘भत्ता अधिक प्रवासखर्च’. ही चूक झाली असा खुलासा झाला. पण लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्राचे पोट उघडे पडले. पगारी कामगाराची जागा भत्त्यावरचा माणूस घेऊ लागला, तर पगारी कामगारही उद्या भत्त्यावर येतो, हे साधे गणित कामगारांना कळले. ‘बॉयकॉट वर्कफेअर’ या गटाने दुकानांसमोर निदर्शने केली, काही नामांकित कंपन्यांनी अंग काढून घेतले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तरुणांच्या एका योजनेतील भत्ता तोडण्याची शिक्षा सरकारला मागे घ्यावी लागली. बाकीच्या योजनांत ती कायम राहिली. उलट ऑक्टोबर २०१२ पासून वारंवार ‘कसूर’ करणाऱ्याचा भत्ता तीन वर्षांपर्यंत बंद करण्याची तरतूद आली.

रायली खटला

या काळातील सर्वांत गाजलेला खटला रायली या नावाने ओळखला जातो. भूशास्त्राची पदवी घेतलेली ही बर्मिंगहॅमची तरुणी. वस्तुसंग्रहालयात काम करावे या इच्छेने ती एका स्थानिक संग्रहालयात स्वखुशीने बिनपगारी काम करीत होती. नोव्हेंबर २०११ मध्ये तिला ते सोडून पाउंडलँड या दुकानात दोन आठवडे विनावेतन काम करायला पाठवले. हे सक्तीचे आहे, असे तिला सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्या योजनेत भाग घेणे ऐच्छिक होते, ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. तिच्याबरोबरचा दुसरा अर्जदार ट्रकचालक होता. सहा महिने विनावेतन काम करण्यास त्याने नकार दिला आणि त्याचा भत्ता सहा महिने बंद झाला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने या योजनांचे नियम बेकायदा ठरवले. कारण असे, की कायद्याने योजनेचे वर्णन नियमांत करायला सांगितले होते आणि सरकारने ते केलेच नव्हते. मग सरकारने काय केले? पुढच्याच महिन्यात, मार्च २०१३ मध्ये, घाईने नवा कायदा करून जुन्या शिक्षा मागील तारखेपासून वैध करून घेतल्या. कापलेले सुमारे १३ कोटी पौंड गरिबांना परत द्यावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. न्यायालयात जिंकलेला माणूस संसदेत हरला. विरोधी बाकावरच्या मजूर पक्षाच्या नेतृत्वानेही मतदानापासून दूर राहून या कायद्याला वाट करून दिली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निर्णय उचलून धरला. २०१४ साली उच्च न्यायालयाने आणि २०१६ साली अपील न्यायालयाने असेही म्हटले, की आधीच अपिलात गेलेल्यांच्या बाबतीत हा मागील तारखेचा कायदा न्याय्य सुनावणीच्या हक्काशी विसंगत आहे.

पण एका मुद्द्यावर प्रत्येक पायरीवरील न्यायालय सरकारच्या बाजूने राहिले. हे काम ‘सक्तीची मजुरी’ आहे का? युरोपीय मानवी हक्क कराराचे चौथे कलम सक्तीच्या मजुरीला बंदी करते. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : भत्ता काम शोधणाऱ्यासाठी आहे, काम मिळण्यास मदत व्हावी म्हणून त्याला अट घातली आहे, अशा अटीला त्या कलमाला अभिप्रेत असलेले शोषण म्हणता येत नाही.

आपले उत्तर

आपल्या राज्यघटनेचे कलम २३ वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी यांना मनाई करते. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा प्रश्न पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८२ साली त्याचा निकाल देताना न्यायमूर्ती भगवती यांनी सक्तीचा अर्थ विस्ताराने लावला. सक्ती केवळ दांडक्याची नसते, केवळ कायद्याचीही नसते. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरा मार्गच ठेवीत नाहीत, तेव्हा तीही सक्ती असते. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत जो राबतो तो सक्तीने राबतो, असे न्यायालयाने मानले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ साली, राजस्थानातील दुष्काळी कामांचा खटला आला. मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मिळत होते आणि सरकारचे म्हणणे होते, की हे नेहमीचे काम नव्हे, ही दुष्काळातली मदत आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी कलम २३ च्या आधारे आणि न्यायमूर्ती पाठक यांनी समतेच्या कलम १४ च्या आधारे हे म्हणणे फेटाळले. रस्ता तयार होतो, तो समाजाच्या उपयोगी पडतो. मग राबणाऱ्याच्या असहायतेचा फायदा घेऊन सरकार त्याला ‘मदत’ म्हणू शकत नाही.

‘ही मजुरी नाही, ही मदत आहे’ आणि ‘ही मजुरी नाही, ही भत्त्याची अट आहे’, या दोन वाक्यांत काय अंतर आहे? आपल्या न्यायालयाने पहिल्या वाक्याच्या आतली भूक पाहिली. लंडनच्या न्यायालयाने दुसऱ्या वाक्यातली अट पाहिली. आपला निकाल झाला म्हणून आपल्याकडची वेठ संपली, असे कुणी समजू नये. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या फडावर जाऊन पाहावे. पण शोषणाला त्याच्या नावाने हाक मारण्याची सोय त्या निकालाने करून दिली, हे लहान काम नव्हे.

वतनाची आठवण

‘आम्ही तुला देतो, म्हणून तू राबले पाहिजेस’ हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ ऐकले आहे. महारकी वतनाचा सारा युक्तिवाद हाच होता. जमिनीचा तुकडा आणि बलुते दिले, त्याच्या मोबदल्यात चोवीस तासांची चाकरी. सरकारी टपाल पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे. कामाला सीमा नाही, वेळेला सीमा नाही, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. काम कोणते ते ठरवा, मोबदला किती ते ठरवा, आणि ज्याला या चाकरीतून मुक्त व्हायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवण्याची मुभा द्या, हे त्या विधेयकाचे सार होते. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. ही वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. ब्रिटिश बेकार जन्माने बेकार नसतो, त्याचा स्पर्श कुणाला बाटवीत नाही, त्याच्या मुलाला ती चाकरी वारशाने मिळत नाही. हा फरक विसरणे म्हणजे जातीचा प्रश्न पुसून टाकणे. पण यंत्रणेची कळ सारखी आहे : आधी माणसाला दुसऱ्या कशाचा आधार राहू द्यायचा नाही, मग आधाराची दोरी हातात धरून त्याच्याकडून ‘होय’ वदवून घ्यायचे, आणि त्या ‘होय’ला संमती म्हणायचे.

काय साधले?

शिस्त लागते, अनुभव मिळतो, त्यातून नोकरी मिळते, असा सरकारचा दावा होता. जून २०१२ मध्ये सरकारी खात्याच्याच अभ्यासात दिसून आले, की चार आठवड्यांच्या सक्तीच्या योजनेमुळे नोकरी मिळण्याच्या शक्यतेत काहीही फरक पडला नाही. तरी योजना चालू राहिली. बेकारांना कोणकोणत्या संस्थांत पाठवले त्यांची नावे सांगायला सरकारने वर्षानुवर्षे नकार दिला. नावे कळली तर लोकांच्या दबावाने संस्था माघार घेतील आणि योजनाच कोसळेल, असा बचाव त्याने केला. जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि नावे बाहेर आली. तोपर्यंत त्या वर्षीच ही योजना बंद झालेली होती. अटी आणि शिक्षा मात्र गेल्या नाहीत. त्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या नव्या भत्त्यात उतरल्या. शिक्षेची कमाल मुदत २०१९ साली तीन वर्षांवरून सहा महिन्यांवर आली, एवढेच.

याच्या उलट वाट असू शकते, हे महाराष्ट्राने एकदा दाखवले होते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क ग्रामीण माणसाला दिला आणि सरकार काम देऊ शकले नाही तर भत्ता द्यावा, असे बंधन सरकारवर घातले. भत्ता रोजचा किमान एक रुपया, म्हणजे तुटपुंजाच. अंमलबजावणीतही लबाडी पुष्कळ झाली. पण तत्त्व सरळ होते : कसूर झाली तर ती सरकारची, मागणाऱ्याची नव्हे.

आपल्या विद्यार्थ्यांना आज ‘अनुभव’, ‘प्रशिक्षण’, ‘सेवा’ अशा नावांनी बिनपगारी किंवा अर्ध्या पगाराची कामे सांगितली जातात. त्यातले सगळेच वाईट असते असे नाही. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अशा प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. या कामाचा फायदा कुणाला होतो? त्याचे पैसे कोण देतो? आणि राबणारा ‘नाही’ म्हणाला तर त्याचे काय होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘उपाशी राहतो’ असे असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कितीही गोड असोत, तिथे संमती नाही. तिला वेठच म्हटले पाहिजे.