अठरा सेकंदांचं देऊळ

हळद काढणीच्या दिवसांत आम्ही हिंगोलीहून औंढ्याला निघालो. पुढे आई, मागे मायलेकी. रानोरान शिजवलेली हळद ताडपत्र्यांवर वाळत पडलेली; काच खाली केली की तिचा ओला, मातकट वास गाडीत शिरायचा. औंढा नागनाथ अवघं पंचवीस किलोमीटर. पण हा रस्ता किती काळातून जातो याचा हिशेब त्या दिवशी मी पहिल्यांदा मांडला, आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

सुरुवात रस्त्याकडेच्या खडीपासून. खडीचं माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट. बांधकाम काढलेल्या प्रत्येक घराला हे पाठ असतं. हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर वाहिलेला लाव्हा. तो सगळा मिळून किती होता? ढोबळ अंदाज दहा लाख घन किलोमीटरचा. ब्रासमध्ये सांगायचं तर साडेतीन कोटी कोटी ब्रास! एवढा दगड अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर सव्वातीन किलोमीटर जाडीचा थर होईल. एका कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी ते जेमतेम त्याच्या माथ्याशी येईल.

इटलीचा आकार जवळजवळ महाराष्ट्राएवढाच. तिथल्या टेकड्यांवरची जुनी गावं गाडीनं पाहत फिरणारी आमच्यासारखीच कुटुंबं ऑर्व्हिएतोला थांबतात. तेही गाव ज्वालामुखीच्याच खडकावर उभं आहे, आणि त्याच खडकातून बांधलेलं आहे. पण तो खडक तीन-साडेतीन लाख वर्षांचा. आपल्या पायाखालचा त्याच्या जवळपास दोनशे पट जुना. हे कळल्यावर मला औंढ्याचा डोंगर वेगळाच दिसायला लागला.

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडात कोरलेला, वरचा नंतरचा. गाभारा तळघरात आहे. चिंचोळ्या वाटेनं वाकून उतरावं लागतं. उतरताना आईनं भिंतीवर तळहात टेकवला आणि ती तशीच थांबली. "गार आहे रे," एवढंच म्हणाली. इथेच नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, असं परंपरा सांगते. नामदेवांचा जन्म १२७० चा. त्यांचं जन्मगाव म्हणून पूजलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात. इथून पंजाबातलं घुमान सरळ रेषेत मोजलं तरी १३०० किलोमीटरहून लांब. हा माणूस ते अंतर पायी गेला म्हणतात, आणि त्याची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली.

औंढ्याजवळच दुधाळा. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केलेली, गुरुत्वलहरी टिपण्यासाठीची लायगो-इंडिया प्रयोगशाळा इथली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. त्यातून लेसरचा किरण धावेल. गुरुत्वलहर म्हणजे अवकाशातच उठणारा तरंग; तो जाताना या भुजा ताणल्या-आखडल्या जातात, आणि टिपायचा फरक असतो प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा. मुलीला हे कसं सांगायचं? सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. ते अंतर एका केसाच्या जाडीनं बदललं तर ओळखायचं, इतकी ही नजर बारीक. तिनं वेणीतला एक केस ओढून उन्हात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली गुरुत्वलहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि त्या क्षणी तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून गेलं. ते घडलं सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी.

आता ही १३० कोटी वर्षं एका वर्षात बसवा. १ जानेवारीला लहर निघाली, तेव्हा पृथ्वीच्या जमिनीवर एक झाड नव्हतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी ती वाटेतच. १३ डिसेंबरला आपला काळा पाषाण वाहू लागला. ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला अठरा-एक सेकंद उरले असताना नामदेव जन्मले, त्याच सुमाराला नागनाथाचं देऊळ. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा शेवटच्या सेकंदातच मावतो.

मग आणखी एक यंत्र इथे कशाला? लहर आली कुठून, हे दोन ठिकाणांहून नीट कळत नाही. १४ ऑगस्ट २०१७ ला पिसाजवळच्या व्हर्गो या इटलीतल्या यंत्रानंही एक लहर ऐकली. फक्त दोन लायगोंवरून शोधायचं आकाश ११६० चौरस अंश होतं, व्हर्गोमुळे ते ६० वर आलं. म्हणजे पौर्णिमेचे सुमारे ५,८०० चंद्र मावतील एवढ्या आकाशातून ३०० चंद्रांपुरतं. दुधाळ्याचं यंत्र या साखळीत आलं की ही जागा आणखी आकसेल.

औंढ्यापासून पिसा साडेसहा हजार किलोमीटरवर. लहरीला हे अंतर तोडायला फार तर सुमारे सेकंदाचा पन्नासावा भाग लागेल. परतताना मुलीनं विचारलं, "मग आत्ताही जात असेल एखादी, आपल्यातून?" आई मागे वळून म्हणाली, "जात असंल बाळा." बाहेर ताडपत्र्या गोळा करायची वेळ झाली होती.